चाकांवरचं घर आणि ताईचा मीटर

'घर फिरलं की घराचे वासेही फिरतात' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो. माझ्या मावसबहिणीचं घर मात्र खरोखरच फिरतं. वाशांसकट, भांड्यांसकट, देवघरातल्या बाळकृष्णासकट!

ताई आणि भावोजी अमेरिकेत ॲरिझोना राज्यात, फिनिक्स शहरात राहतात. हिवाळ्यात दोन महिने ती दोघं आपलं 'फिफ्थ-व्हील' घेऊन वाळवंटात मुक्कामाला जातात. फिफ्थ-व्हील म्हणजे पाचवं चाक. मला वाटलं होतं, गाडीला जादा चाक लावलेलं असेल! तसं काही नाही. पूर्वीच्या घोडागाडीत पुढचा आस वळावा म्हणून त्याच्यावर एक आडवं चाक बसवायचे. चार फिरणारी आणि हे आडवं पाचवं. तेच नाव पुढे ट्रकच्या जोडणीला मिळालं. या ट्रेलरचं पुढचं तोंड उंच असतं आणि ते पिकअप ट्रकच्या पाठीवर, मागच्या चाकांच्या वर अडकवतात. आत बेडरूम, ओटा, फ्रीज, संडास-बाथरूम, सगळं. ताईचा ट्रेलर तीस फुटी. रिकामा असतानाच चार टनांच्या पुढे भरतो.

ही हौस मूळची भावोजींची. टायरमधली हवा, चाकांच्या बेअरिंगचं ग्रीस, छताच्या सांध्यांवरचं सीलंट, सगळं तेच बघायचे. ताईकडे स्वयंपाक आणि पडदे. "मला काय कळतंय त्यातलं?" हे तिचं पालुपद. २०२२ मध्ये भावोजींना पक्षाघाताचा झटका आला. जीव वाचला, बोलणंही परत आलं, पण उजवा हात गेल्यासारखाच. मुलगा म्हणाला, ट्रेलर विकून टाकू. भावोजी काही बोलले नाहीत, नुसते खिडकीतून बघत बसले. ते बघून ताईने ठरवलं, विकायचा नाही. साठी ओलांडलेली ताई दर रविवारी सकाळी रिकाम्या पार्किंगमध्ये तो ट्रेलर मागे घ्यायला शिकली. चालवायला शिकली, पण आतली यंत्रं मात्र 'चालताहेत ना, मग झालं' एवढ्यावरच राहिली. माझ्या घरी इन्व्हर्टरचं मी तेच करते, म्हणून तिला नावं ठेवायचा मला हक्क नाही.

२०२४ च्या जानेवारीत मी तिच्याकडे तीन आठवडे होते. आम्ही क्वार्टझाइट या गावाबाहेर मुक्काम केला होता. फिनिक्सपासून साधारण दोनशे किलोमीटर. उन्हाळ्यात ओसाड असलेल्या या गावाभोवतीच्या सरकारी वाळवंटात हिवाळ्यात हजारो फिरती घरं उतरतात. आपल्याकडच्या जत्रेसारखंच! तिथे विजेचा खांब नाही, नळ नाही. पाणी टाकीतलं, वीज बॅटरीतली आणि उष्णता गॅसची.

चौथ्या रात्री तीनच्या सुमाराला मला थंडीने जाग आली. वाळवंटात दिवसा ऊन, पण रात्री पारा दोन अंशांवर. ट्रेलर गरम ठेवायला गॅसवरची फर्नेस असते. तिच्या पंख्याचा आवाज येत होता, पण हवा मात्र गार! भावोजी पांघरुणातूनच म्हणाले, "गॅस संपला असेल." ताईने उठून ओट्यावरचा बर्नर पेटवून बघितला. भक्कन पेटला. म्हणजे गॅस होता. मग बिघाड कुठे? तेवढ्या रात्री शोधणार कोण? ताई म्हणाली, "राहू दे हे दोन बर्नर असेच, खोली तरी गरम होईल." खिडक्या बंद होत्याच. आपल्या बायकांना आगीजवळ बसलं की धीर येतो. मीच तिला म्हटलं, "बरं केलंस गं!"

तासाभराने माझं डोकं जड झालं. पित्त असेल म्हणून पाणी प्यायला उठले, तर पाय लटपटले. ताई म्हणाली, "मलाही मळमळतंय." भावोजी हाकेला ओ देईनात. नुसते हं हं करत होते. आणि माझ्या डोक्यात एकदम लख्ख उजेड पडला. काही वर्षांपूर्वी आमच्या गल्लीतली एक कॉलेजातली मुलगी गॅस गीझर लावून आंघोळीला गेली, ती बाहेर आलीच नाही. दार तोडलं तेव्हा उशीर झाला होता. तिच्या आईला भेटायला गेले होते मी. एकाच वेळी तिघांनाही त्रास होतो, ते पित्त कसं असेल? मी धडपडत दार उघडलं, ताईने बर्नर बंद केले, आणि दोघींनी मिळून भावोजींना अक्षरशः ओढत बाहेर आणलं.

शेजारच्या ट्रेलरमध्ये सत्तरीची एक अमेरिकन बाई एकटीच राहायची. निवृत्त ट्रक ड्रायव्हर! आमचा आरडाओरडा ऐकून ती कोट चढवून आली. काय झालं ते कळताच तिने दटावलं, "नुसतं बाहेर येऊन भागत नाही, डॉक्टरांना दाखवायलाच हवं." तिनेच आपल्या गाडीतून आम्हाला कोलोरॅडो नदीपलीकडच्या ब्लाइद गावातल्या दवाखान्यात नेलं. रक्त तपासलं, तोंडाला प्राणवायू लावला. कार्बन मोनॉक्साइड! या वायूला ना रंग ना वास. बंद जागेत जळताना हवा अपुरी पडली की तो तयार होतो आणि रक्तात प्राणवायूची जागा बळकावतो. डॉक्टर म्हणाले, अजून तासभर झोपला असतात तर सांगता येत नव्हतं.

परत आल्यावर त्या आजींनी पहिला प्रश्न विचारला, "तुमचा अलार्म वाजला कसा नाही?" ताईचा चेहरा उतरला. ओट्याखाली, जमिनीलगत एक छोटी डबी असते. गॅस गळला किंवा हा विषारी वायू साठला की ती किंचाळते. प्रोपेन हवेपेक्षा जड, गळला की खाली साठतो, म्हणून ती खाली बसवतात. महिन्यापूर्वी ती सारखी पिकपिक करायला लागली, तेव्हा कटकट नको म्हणून ताईनेच तिची वायर काढून टाकली होती. आजींनी डबी उलटी करून मागची तारीख दाखवली. २०१५. अशा डबीचं आयुष्य साधारण पाच ते सात वर्षं. ती पिकपिक म्हणजे 'माझे दिवस भरले, मला बदला' असं ती सांगत होती! आम्ही तिचंच तोंड बंद केलं होतं. नवी डबी त्याच दिवशी बसली.

मग आजी मीटर घेऊन आल्या. मल्टिमीटर, इलेक्ट्रिशियनकडे असतो तोच. ताई मागे सरकली, "तुम्हीच बघा." आजींनी मीटर तिच्या हातात कोंबला. "घर तुझं आहे ना?"

लाल तार बॅटरीच्या अधिक टोकाला, काळी उणेला. आकडा आला ११.६. बारा व्होल्टची शिशाची बॅटरी पूर्ण भरलेली असेल, तर साधारण १२.६ दाखवते. १२.२ च्या खाली गेली की ती अर्धी संपली. बाराच्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. आता कोडं सुटलं. फर्नेसमध्ये एक छोटं पातं असतं. पंख्याचा वारा पुरेसा जोरात आला तरच ते हलतं आणि मगच गॅस पेटू देतं. बॅटरी मरगळली होती, पंखा मंद फिरत होता, पातं हलत नव्हतं, म्हणून गॅस असूनही आग नाही. दुखणं एकीकडे आणि आम्ही शोधत होतो भलतीकडे! आणि हो, फर्नेस जळायला हवा बाहेरून घेते आणि धूर बाहेरच टाकते. ओट्यावरचा बर्नर खोलीतलीच हवा खातो आणि खोलीतच सोडतो. हा फरक आम्हा दोघी पदवीधर बायकांना कुठे माहीत होता?

बॅटरीच्या टोकांवर हिरवट-पांढरी पूड साचली होती. त्यावर उपाय आपल्या डब्यातला, खायचा सोडा! पाण्यात कालवून ब्रशने घासला, फसफसून सगळं निघालं. तारा सोडताना आधी उणेची, जोडताना उणेची शेवटी. हातमोजे आणि चष्मा घालून, कारण आत ॲसिड असतं. झाकणं उघडली तर पाणी तळाला गेलेलं, पत्रे उघडे पडलेले. दोन वर्षांत कुणी डिस्टिल्ड वॉटर घातलंच नव्हतं. बॅटऱ्या कामातून गेल्या होत्या.

खुर्चीत बसलेले भावोजी एकदम चिडले. "एवढं साधं पाणी बघता आलं नाही तुला?" ताई क्षणभर थांबली. मग शांतपणे म्हणाली, "अहो, पंचवीस वर्षांत एकदा तरी मला ते झाकण उघडून दाखवलंत का? आणि मी तरी कधी विचारलं का? दोघांचंही चुकलं. आता दाखवा." भावोजींनी मान खाली घातली. मग डाव्या हाताने बोट दाखवून सांगायला लागले, आणि ताई पाना चालवायला लागली. दोघांना असं एका कामात गुंतलेलं मी त्या मुक्कामात पहिल्यांदाच पाहिलं.

नव्या बॅटऱ्या घेण्याआधी ताईने वही काढली. महिन्याचा जमाखर्च लिहितो तसा तिने विजेचा हिशोब मांडला. फर्नेसचा पंखा आठ अँपिअर खातो. थंडीच्या रात्री सगळा मिळून सात तास चालला, तर ५६ अँपिअर-तास. दिवे, पाण्याचा पंप, फ्रीजचं सर्किट, फोन यांचे वीस. एकूण ७६. जुन्या दोन बॅटऱ्या ८५ च्या, म्हणजे १७०. पण शिशाची बॅटरी निम्म्याच्या खाली वारंवार उतरवली की लवकर मरते. म्हणजे हाती येणार ८५ च. "म्हणजे नव्या होत्या तेव्हासुद्धा पगार आणि खर्च जेमतेम बरोबर!" ताई म्हणाली.

म्हणून तिने शंभर-शंभरच्या दोन लिथियम बॅटऱ्या घेतल्या. वजनाला निम्म्याहून हलक्या, आणि ऐंशी टक्के वापरल्या तरी कुरकुर नाही, म्हणजे १६० हातात. पण नुसती बॅटरी बदलून भागत नाही. नवी सून आणली की घराच्याही काही सवयी बदलाव्या लागतातच! जुना चार्जर शिशाच्या बॅटरीच्या हिशोबाचा, तो लिथियमला पूर्ण भरत नाही, म्हणून तोही बदलला. चालत्या ट्रकमधून येणाऱ्या विजेसाठी मध्ये वेगळं यंत्र लागलं. शून्य अंशाच्या खाली लिथियम चार्ज करायची नसते, म्हणून त्या बाहेरच्या पेटीतून आतल्या उबदार कप्प्यात आल्या. छतावर दोनशे वॉटचे दोन सौर पॅनल बसले. मोठ्या जोडण्या जाणकार कारागिराने केल्या, पण ताई शेजारी वही घेऊन उभी होती. कुठला फ्यूज कशाचा, ते तिने मराठीत लिहून कप्प्याच्या दारावर चिकटवलं.

मी परत आले आणि आमच्या बचत गटाच्या बैठकीत हा सगळा किस्सा सांगितला. बायका म्हणाल्या, "आमच्याकडे कुठे आहे असलं चाकांचं घर?" मी म्हटलं, चाकं नसतील, बाकी सगळं तेच आहे. अमेरिकेतल्या त्या ट्रेलरला दोन सिलिंडर, प्रत्येकी साडेतेरा किलोंचे. आपला १४.२ किलोंचा. आपल्या सिलिंडरच्या वरच्या पट्टीवर ए, बी, सी, डी यांपैकी एक अक्षर आणि वर्ष असतं. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. ती त्याच्या तपासणीची मुदत. मुदत उलटलेला सिलिंडर घरात घ्यायचा नाही. शेगडीच्या रबरी नळीवरही तारीख असते. सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची. गॅस गीझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत हवा. थंडीत बाळंतिणीच्या खोलीत दारं-खिडक्या लावून कोळशाची शेगडी ठेवायची आपली रीत, तीही आता सोडायला हवी. आणि घरातल्या एकदोन जणांना एकाच वेळी डोकेदुखी, मळमळ, चक्कर सुरू झाली, तर आधी सगळ्यांना बाहेर काढायचं आणि मग दवाखाना गाठायचा. चहा टाकत बसायचं नाही.

दुसऱ्या बैठकीला चार जणी आपापल्या नळीवरची तारीख कागदावर लिहून घेऊन आल्या. दोघींच्या नळ्या मुदत संपलेल्या निघाल्या. एकीने तर सांगितलं, "ताई, नळी बघायला मी पहिल्यांदाच सिलिंडर पुढे ओढला. मागे आठ वर्षांची धूळ होती." मीही घरी येऊन इन्व्हर्टरचं झाकण उघडलं. पाणी खालच्या खुणेच्याही खाली होतं.

पुढच्या हिवाळ्यात ताईचा फोन आला, पुन्हा त्याच वाळवंटातून. "काल रात्री पारा एक अंशावर गेला गं. फर्नेस सकाळपर्यंत चालली." मागून भावोजींचा आवाज आला, "आज किती?" ताई तिकडे वळून म्हणाली, "तेरा पॉइंट दोन." मग मला म्हणाली, "रोज सकाळी चहाच्या आधी विचारतात. पूर्वी मी त्यांना विचारायचे, आता ते मला विचारतात."