नावडीतून आवडीकडे

विशीत ज्या भावगीतांना ‘रडकी’ म्हणून नाके मुरडली, तीच गाणी चाळिशीत आवर्जून ऐकणारे पुष्कळ भेटतात. आई-वडिलांच्या आवडी अशा उशिराने आपल्याशा वाटू लागतात, त्याचे श्रेय सहसा वयाबरोबर येणाऱ्या पोक्तपणाला दिले जाते. प्रत्यक्षात या आवडीचे बीज त्या नाराजीच्या काळातच पडलेले असते.

अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या कॅरल क्रुमहान्सल आणि त्यांचे सहलेखक जस्टिन झुपनिक यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या दृष्टीने बोलका आहे. विशीच्या आसपासच्या विद्यार्थ्यांना १९५५ ते २००९ या काळातील लोकप्रिय गाण्यांचे तुकडे ऐकवण्यात आले. अलीकडची गाणी त्यांच्या अधिक ओळखीची निघावीत, यात नवल नव्हते. पण आलेख मध्येच उंचावला तो १९८० च्या दशकाच्या प्रारंभी. तेव्हा या विद्यार्थ्यांचा जन्मही झालेला नव्हता. त्यांचे आई-वडील मात्र ऐन तारुण्यात होते. १९६० च्या दशकातील गाण्यांबाबतही असाच उंचवटा दिसला. ती आजी-आजोबांची पुण्याई की त्या गाण्यांचाच कस, हा प्रश्न खुला राहिला.

कारल्याच्या भाजीची गोष्ट थोडी निराळी. लहान मुलांना कडू चव मोठ्यांपेक्षा तीव्र जाणवते. निसर्गातील अनेक विषारी पदार्थ कडू असल्याने ही शरीराने केलेली तजवीज असावी. तेथे आवड बदलते ती बरीचशी जिभेमुळे.

गाण्याला असा आधार नाही. तेथे काम करतो तो परिचय. वारंवार समोर येणारी गोष्ट हळूहळू आवडू लागते, हे रॉबर्ट झायॉन्क यांनी १९६८ मध्ये प्रयोगांनी दाखवले. मुळातच तिटकारा असेल, तर पुनरावृत्तीने तो वाढूही शकतो. पण पौगंडावस्थेतला नकार बहुधा गाण्याला नसतोच. ते ‘बाबांचे’ असते, एवढाच त्याचा गुन्हा! वेगळेपण सिद्ध करण्याची निकड सरली की नकार गळून पडतो, चाल तेवढी कानात उरते.

मराठी मध्यमवर्गीय घरात हा परिचय टाळणे अशक्यच होते. दोन खोल्या आणि एक रेडिओ. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून दर आठवड्याला ‘गीतरामायणा’चे नवे गीत प्रसारित होई, तेव्हा ते घरातल्या सर्वांच्याच कानी पडे. पुढे कॅसेट आल्या, तरी टेपरेकॉर्डर घरात एकच असे.

आता एकाच सोफ्यावर बसलेल्या बाप-लेकांच्या कानांत दोन वेगवेगळी गाणी असतात. मनाविरुद्ध ऐकावे लागणे संपले, आणि त्याबरोबर नकळत होणारी पेरणीही. स्वयंपाकघरातला स्पीकर किंवा गावी जातानाचा मोटारीतला प्रवास, एवढ्याच जागा आता शिल्लक आहेत. जुनी ध्वनिमुद्रणे आज हवी तेव्हा ऐकता येतात. पण ते नाट्यपद आईने प्रथम कोणत्या नाट्यगृहात, कोणासोबत ऐकले, हे मात्र तिलाच विचारावे लागेल.