पंचविसांमागे एक

हॉटेल, ढाबा किंवा खानावळीला अन्नाचा परवाना असेल, तर तिथे दर पंचवीस कामगारांमागे किमान एक जण अन्नसुरक्षेचे प्रशिक्षण घेतलेला असावा लागतो. त्यासाठी भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१७ मध्ये ‘फॉस्टॅक’ हा कार्यक्रम सुरू केला. मूळ वर्ग चार तासांचा, पुढचा आठ तासांचा. प्रमाणपत्र दोन वर्षे चालते, मग पुन्हा वर्ग.

चार तासांत स्वयंपाक शिकवत नाहीत. तो आचाऱ्याला येतोच. शिकवतात ते भाताचे. भात शिजला तरी ‘बॅसिलस सेरियस’ या जंतूचे बीजाणू त्यात जिवंत राहतात. पातेले ओट्यावर तसेच राहिले की ते वाढून विष तयार करतात, आणि त्यातले उलटी आणणारे विष फोडणी देऊनही जात नाही. म्हणून शिजलेले अन्न ६० अंशांच्या वर गरम किंवा ५ अंशांच्या खाली गार ठेवायचे. वाशीम जिल्ह्यात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. तिथे सकाळचा भात संध्याकाळपर्यंत झाकून ठेवणे म्हणजे जंतूंना ऊबच देणे. बोट कापलेल्या माणसाने कणीक मळू नये, कामगारांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी व्हावी, त्यांना टायफॉइडची लस दिलेली असावी, हेही नियमात आहे.

तेलाची मर्यादा आकड्यात आहे: तळणाच्या तेलात ‘टोटल पोलर कंपाउंड्स’ २५ टक्क्यांपेक्षा जास्त नकोत. ते मोजायचे यंत्र टपरीवर कुठून असणार? तिथे डोळा आणि नाकच कामाला येते. तेल काळपट झाले, फेसाळू लागले, लवकर धुरावू लागले, की ते टाकायचे. त्यात नवे तेल ओतून कढई पुन्हा भरण्याची सवय मात्र सुटता सुटत नाही.

फडक्याचेही तसेच. टेबल, हात आणि ताट एकाच ओल्या फडक्याने पुसले, की एका ताटावरचे जंतू सगळीकडे पोहोचतात. प्रमाणपत्र भिंतीवर लावण्यापेक्षा फडकी वेगळी ठेवणे जास्त मोलाचे.

खरी अडचण पुढे आहे. कारंजा तालुक्यातल्या धनजसारख्या गावात सकाळी आलूबोंडा आणि तर्री-पोहे विकणाऱ्या टपरीवर काम करणारे दोघे-तिघेच असतात. एवढ्या छोट्या धंद्याला परवाना लागत नाही, साधी नोंदणी पुरते. आणि प्रशिक्षित माणसाची सक्ती परवानाधारकांनाच आहे. जिथे तळणे, वाढणे आणि पैसे घेणे एकाच हाताने होते, तिथे शिकणे मालकाच्या मर्जीवर राहते. गरमागरम बोंडा अजूनही वर्तमानपत्रात बांधून मिळतो, तो त्यामुळेच. छपाईची शाई तेलात उतरते म्हणून त्याला मनाई आहे.

गिऱ्हाइकाला हा फरक दुकानातच कळू शकतो. दर्शनी भागात लावलेला चौदा आकडी क्रमांक १ ने सुरू होत असेल तर तो परवाना, २ ने होत असेल तर नोंदणी. क्रमांकच नसेल किंवा अन्नाबद्दल तक्रार असेल, तर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा निःशुल्क दूरध्वनी १८००-२२२-३६५ आहे.