बीबीएची तारीख चुकवू नका

नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ मध्ये स्थापन झाले. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे जिल्हे त्याच्या कक्षेत येतात. इथल्या महाविद्यालयांत बीबीएला बारावीची कोणतीही शाखा चालते. मात्र २०२४-२५ पासून हा अभ्यासक्रम एआयसीटीईच्या अखत्यारीत आला आणि राज्यात त्यासाठी स्वतंत्र सीईटी सुरू झाली. ‘लातूर पॅटर्न’च्या गावात नीटची तारीख घरोघरी पाठ असते, या सीईटीचीही तशीच लक्षात ठेवा; बारावीच्या निकालानंतर चौकशीला गेलात तर उशीर होईल.

आणि प्रवेश मिळाल्यावर बीबीएच्या प्रकल्पासाठी पुण्याला कशाला जायचे? लातूरच्या आडत बाजारात सोयाबीनचा सौदा बघा. शेतकऱ्याच्या हाती पडणाऱ्या पट्टीवर वजन, भाव, हमाली, तोलाई सगळे असते. खर्चाचा हिशेब शिकायला एवढी एक पट्टी पुरेशी आहे.