परवानगीची घरफोडी

रविवारी जळगावात मित्राच्या क्लासची खोली रिकामी असते, तिथे आम्ही पाच-सहा जण बसतो. कुणी बांभोरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजचा, कुणी पॉलिटेक्निकचा. एक मुलगी धुळ्याहून सकाळच्या एसटीने येते. मी पोटापाण्यासाठी एका कार्यालयाचं नेटवर्क सांभाळतो आणि वयाने मोठा, म्हणून सगळ्यांचा दादा.

धुळ्याच्या मुलीचा लॅपटॉप आठ जीबी रॅमचा. व्हर्च्युअलबॉक्समध्ये सुरक्षा तपासणीसाठीचं काली लिनक्स चालू केलं की पंखा घरघरायला लागतो. त्याच मशीनवर तिने ‘ज्यूस शॉप’ उभं केलंय. फळांचा रस विकणारं हे खोटं ऑनलाइन दुकान, जागोजागी मुद्दाम भोकं ठेवून बनवलेलं. ‘ओवॅस्प’ ही वेबसुरक्षेवर काम करणारी स्वयंसेवकांची जागतिक संस्था ते फुकट देते. दुकान आपलंच, लॅपटॉपही आपलाच. काहीही फोडलं तरी कुणाचं नुकसान नाही.

तिने आपल्या खात्यातून सफरचंदाचा रस बास्केटमध्ये टाकला. ब्राउझर आणि दुकान यांच्या मधे ‘बर्प स्वीट’ बसवलेलं होतं. येणारीजाणारी प्रत्येक विनंती ते अडवून दाखवतं. बास्केट मागणाऱ्या विनंतीच्या पत्त्यात शेवटी एक आकडा होता, सहा. तिने ती विनंती बर्पच्या रिपीटरमध्ये, म्हणजे बदलून पुन्हा पाठवायच्या खिडकीत, घेतली, सहाच्या जागी एक टाकला आणि पाठवली. उत्तर आलं, पण त्यात तिचा रस नव्हता.

“दादा, हे दुसऱ्याचंच बास्केट आहे.”

“मग?”

ती थोडा वेळ स्क्रीनकडे बघत राहिली. “मी लॉगिन आहे, एवढंच सर्व्हरने पाहिलं. हे बास्केट माझं आहे का, ते विचारलंच नाही.”

नेमकं तेच. ओवॅस्पच्या 2021 च्या टॉप टेन यादीत पहिला क्रमांक या जातीच्या चुकांचा आहे. यात कोडची जादू कुठेच नाही. दुकानदाराने विचारायचा एक प्रश्न राहून गेला, तो तिच्या लक्षात आला.

भोक सापडायला दहा मिनिटं लागली असतील. अहवाल लिहिण्यात मात्र दुपार गेली. पहिल्यांदा तिने लिहिलं, ‘बास्केट हॅक झालं.’ पॉलिटेक्निकचा मुलगा तिला सोडेना. लॉगिन कुणाचं होतं? आकडा कोणत्या विनंतीत बदलला? उत्तरात परकं काय दिसलं? त्यातून गिऱ्हाइकाचं नुकसान काय? दुरुस्ती कुठे करायची? ती चिडली, मग पुन्हा लिहायला बसली. तिच्या पायऱ्या वाचून शेजारच्याने आपल्या लॅपटॉपवर तेच करून दाखवलं, तेव्हा कुठे अहवाल मंजूर झाला. फोडायला व्हिडिओ बघून एकट्याने शिकता येतं. असं लिहायला आणि वेळेवर थांबायला मात्र शेजारी टोकणारं कुणीतरी लागतं.

थांबण्याचा प्रश्न लगेचच आला. एकाने विचारलं, “कॉलेजच्या साइटवर पण आकडा बदलून बघू का?” नाही. मालकाच्या परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणकात शिरलं तर माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 चं कलम 43 लागू होतं. अप्रामाणिक किंवा फसवणुकीचा हेतू दिसला तर कलम 66 खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ‘फक्त बघत होतो’ हे पोलीस ठाण्यात सांगत बसायची वेळ कशाला आणा? ज्यांना खऱ्या साइट तपासायच्या आहेत त्यांच्यासाठी कंपन्यांचे बग बाउंटी, म्हणजे चूक शोधून कळवणाऱ्याला बक्षीस देणारे, कार्यक्रम आहेत. पण काय तपासायचं आणि कशाला हात लावायचा नाही, याची तिथली यादी आधी शब्दन् शब्द वाचायची. वापरता वापरता एखादी चूक दिसलीच तर ती कळवायला सरकारची सायबरसुरक्षा संस्था ‘सर्ट-इन’ आहे.

‘तीन महिन्यांत हॅकर’ अशा जाहिराती आपल्याकडेही दिसतात. त्यातल्या महागड्या सर्टिफिकेटवर सुरुवातीलाच पैसे घालू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. लॅपटॉप अगदीच जुना असेल तर बर्प बनवणाऱ्या पोर्टस्विगरची वेब सिक्युरिटी अकॅडमी ब्राउझरमध्येच चालते, तीही फुकट. आणि ‘भाऊ, एकीचं इन्स्टा हॅक करून दे ना’ म्हणणाऱ्या मित्राला चहा पाजून वाटेला लावावं.

पुण्या-मुंबईच्या पोरांना ‘नल’ या खुल्या सुरक्षा समुदायाच्या बैठका जवळ पडतात. तिथे प्रवेशाला पैसे लागत नाहीत. हल्ल्याच्या प्रात्यक्षिकाला ते ‘हमला’ म्हणतात, बचावाच्या सत्राला ‘बचाव’. याच मंडळींनी 2010 मध्ये गोव्यात ‘नलकॉन’ ही परिषद सुरू केली. जळगावहून पुणं म्हणजे रात्रभराचा प्रवास. वर्षातून एकदा जरूर जावं, पण दर आठवड्याला अडलेलं विचारायला माणूस गावातच हवा.

गावात कामही आहे. ऑगस्ट 2018 मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून हॅकरांनी तीन दिवसांत 94 कोटींवर रक्कम नेली. 28 देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले. तीही सहकारी बँकच, आणि खानदेशात तर तालुक्या-तालुक्याला सहकारी बँका नि पतसंस्था आहेत. त्यांची यंत्रणा रीतसर लेखी परवानगीने तपासून देणारी माणसं इथलीच का नसावीत?

धुळे, शिरपूर, नंदुरबारला असा गट नसेल तर दोघांनी सुरू करा. एक खोली, एक फळा आणि एकमेकांचे अहवाल वाचायची तयारी पुरते. फी मात्र घेऊ नका.