भानू अथैया : वस्त्रांतून पात्र उभे करणारी चित्रकर्ती

कोल्हापुरात १९२९ साली जन्मलेल्या भानुमती राजोपाध्ये, म्हणजेच भानू अथैया, यांनी मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत शिक्षण घेतले आणि १९५३ मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप या आधुनिकतावादी चित्रकारांच्या प्रदर्शनात एकमेव स्त्री म्हणून आपली चित्रे मांडली. ‘सी. आय. डी.’पासून (१९५६) त्या चित्रपटांच्या वेशभूषाकार, म्हणजे पात्राचा काळ, वर्ग आणि स्वभाव कपड्यांतून साकारणाऱ्या कलावंत, झाल्या, तरी त्यांची नजर अखेरपर्यंत चित्रकर्तीचीच राहिली. ‘आम्रपाली’साठी (१९६६) त्यांनी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांतील वस्त्रप्रावरणांचा आधार घेतला, ‘ब्रह्मचारी’तील (१९६८) मुमताजची नारिंगी साडी तर त्यांनी निऱ्यांसकट शिवून घेतली, त्यामुळे ती अंगाला चपखल बसली आणि वेगवान नृत्यातही जागची हलली नाही. ‘गांधी’साठी (१९८२) जॉन मोलो यांच्यासह मिळालेले ऑस्कर हे भारतीय व्यक्तीला मिळालेले पहिलेच, मात्र त्यांचे कर्तृत्व तेवढ्यावरच मोजणे अन्यायाचे आहे, कारण ‘लेकिन’ आणि ‘लगान’ या चित्रपटांतील राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त कामही तितक्याच बारकाईने अभ्यासण्याजोगे आहे. आपल्यामागे ऑस्करच्या सन्मानचिन्हाची नीट जपणूक व्हावी, म्हणून २०१२ मध्ये त्यांनी ते हा पुरस्कार देणाऱ्या अकादमीकडे सोपवले; २०२० मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले.