मास्तरांना फाशी कोणी दिली?

४ ऑक्टोबर २०२५ रोजी संध्या शांताराम गेल्या आणि 'पिंजरा'ची गाणी पुन्हा घराघरांत वाजली. जगदीश खेबुडकरांचे शब्द, राम कदमांचं संगीत, उषा मंगेशकरांचा आवाज आणि संध्याबाईंचं नृत्य यांवर भरभरून लिहून आलं. ते व्हायलाच हवं होतं. पण १९७२ सालचा हा चित्रपट इतकी वर्षं मनातून जात नाही तो त्याच्या शेवटामुळे, आणि त्या शेवटावर फारसं कोणी बोललं नाही. जुन्नर-आंबेगावच्या माणसानं तर त्यावर बोलायलाच हवं, कारण 'पिंजरा' ज्या तमाशाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करतो, तो तमाशा आमच्या शेजारी राहतो.

कथा सगळ्यांना पाठ आहे, म्हणून थेट शेवटाकडे जाऊ. गावाला वळण लावणारे, तमाशाला गावाबाहेर काढणारे मास्तर तमाशातल्या चंद्रकलेच्या मोहात पडतात. एका रात्री खून होतो. ओळख न पटणाऱ्या त्या मुडद्याच्या अंगावर मास्तरांचे कपडे दिसतात आणि आपले मास्तर गेले असं गाव धरून चालतं. गावात मास्तरांचा पुतळा उभा राहतो. खरे मास्तर मात्र हातात तुणतुणं घेऊन फडाबरोबर गावोगाव फिरत असतात. शेवटी पोलीस त्यांना पकडतात ते मास्तरांच्याच खुनासाठी. एका शब्दानं ते सुटू शकतात, पण तो शब्द ते उच्चारत नाहीत. सत्य ठाऊक असलेली चंद्रकलाही त्यांना वाचवू शकत नाही.

घडतं काय, याबद्दल शंका नाही. मास्तर गप्प का राहिले, हा खरा पेच आहे.

याचं रूढ उत्तर म्हणजे त्याग. माणूस मेला तरी चालेल, आदर्श जगला पाहिजे. मास्तरांनी तोंड उघडलं असतं तर पुतळा कोसळला असता आणि त्यांनी घडवलेलं गावही पुन्हा जुन्या वाटेला लागलं असतं. चित्रपटाचा कलही याच बाजूला आहे. 'दो आँखें बारह हाथ' काढणारे 'पिंजरा'चे दिग्दर्शक व्ही. शांताराम यांचा माणसाच्या सुधारणेवर विश्वास होता.

दुसरं उत्तर कडू आहे. मास्तर भ्याले. मुडद्याला आपले कपडे चढवले त्या रात्री त्यांच्या डोळ्यांपुढे गाव नव्हतं, स्वतःची अब्रू होती. गावाच्या भल्याचं कारण मागाहून जोडलं गेलं. एक खोटं लपवायला आयुष्यभर गप्प बसावं लागलं आणि फाशी हा त्या गप्प बसण्याचा शेवटचा हप्ता होता.

मला पटतं ते तिसरंच. मास्तरांच्या मनाचे तोवर दोन तुकडे झाले होते. एक पुतळ्यात जाऊन बसला, दुसऱ्यानं तुणतुणं धरलं. 'तू मास्तरांचा खून केलास' हे ऐकताना कायदा चुकतो आहे असं त्यांना वाटतच नाही. आपणच मास्तरांना मारलं, हे ते कधीपासून मनाशी मानून बसले आहेत. पुराव्यानं आरोप खोटा आहे, पण आरोपीच्या लेखी तो अक्षरशः खरा आहे. या नजरेनं पाहिलं तर त्यांचं मौन कबुलीजबाब ठरतं. असा माणूस थोर की भेकड, असं विचारण्यात काही हशील नाही. त्याचं मन दुभंगलं आहे आणि त्याच्या आसपास ते ओळखणारं कोणी नाही.

हा दुभंग पडद्यावर उतरला तो डॉ. श्रीराम लागूंमुळे. कान-नाक-घशाचे शल्यविशारद असलेले लागू व्यवसाय सोडून १९६९ साली पूर्णवेळ रंगभूमीवर आले. १९७० च्या डिसेंबरमध्ये 'नटसम्राट' रंगमंचावर आलं. त्यानंतर दोनच वर्षांत ते मराठी पडद्यावर दिसले ते या मास्तरांच्या रूपात. 'नटसम्राट'मधले गणपतराव बेलवलकर मनातलं वादळ शब्दांत ओतून मोकळं करतात. मास्तरांना ती सोय नाही. ताठ मानेचा माणूस हळूहळू खांद्यातून खचत जातो आणि अखेरीस डोळ्यांतही कोणी उरत नाही, हे लागूंनी न बोलता दाखवलं. शेवटाचा अर्थ लावायचा असेल तर संवादांपेक्षा या देहबोलीकडे पाहावं.

ही कथा मुळात दूरच्या देशातली. हाइनरिश मान यांची १९०५ ची कादंबरी, तिच्यावरून योसेफ फॉन स्टर्नबर्ग यांनी १९३० मध्ये काढलेला 'द ब्लू एंजल' आणि त्यावरून स्फुरलेला 'पिंजरा'. 'सैरंध्री'च्या रंगीत प्रक्रियेच्या निमित्तानं शांताराम १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीत राहून आले होते. या तीन कलाकृतींचे तीन शेवट शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. कादंबरीतला मास्तर बदनामीनंतर गावावरच सूड उगवतो. प्रतिष्ठितांना जुगाराच्या नादी लावतो आणि शेवटी पकडला जातो. जर्मन चित्रपटातल्या मास्तराला स्वतःच्याच गावात विदूषक होऊन कोंबड्यासारखं आरवावं लागतं. त्याचं डोकं फिरतं, आणि रात्री तो आपल्या जुन्या वर्गात जाऊन टेबल घट्ट धरून प्राण सोडतो. मराठी मास्तरांच्या वाट्याला पुतळा आला.

ही भर अनंत माने यांच्या कथेनं आणि शंकर पाटील यांच्या पटकथेनं घातली आणि तिच्यामुळे कथा पुरती मराठी झाली. जर्मन गाव मास्तराला हसतं. आपलं गाव मास्तरांना देव्हाऱ्यात बसवतं आणि मग खाली उतरूच देत नाही.

आता आमच्याकडचं पाहा. तमाशाची पंढरी म्हणवणारं नारायणगाव आमच्याच जुन्नर तालुक्यात आहे. गुढीपाडव्याच्या आधीपासून तिथे फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावच्या यात्रा कमिटीची माणसं येतात, बोलणी होतात, सुपारी ठरते. ज्या तमाशाला नदीपलीकडे घालवणं ही मास्तरांची पहिली कामगिरी होती, त्याच्याशिवाय आमच्याकडच्या कित्येक यात्रा पार पडत नाहीत. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर याच मातीतल्या. दिवस भरलेले असताना त्या फडावर नाचल्या, मध्येच बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, ही हकीकत इथल्या पोराटोरांना ठाऊक आहे. राष्ट्रपती पुरस्कार मिळालेल्या या बाईंचे अखेरचे दिवस हलाखीत गेले आणि २००२ साली त्या वारल्या. तमाशातली बाई म्हणजे पुरुषाला खाली ओढणारा मोह, हे 'पिंजरा'चं गृहीत विठाबाईंचं आयुष्य डोळ्यांपुढे आणलं की टिकत नाही. मास्तरांच्या पतनाचा हिशेब चंद्रकलेच्या नावावर मांडणं हा अन्याय आहे. मोह तिचा असेल, पण मुडद्याचे कपडे तिनं बदलले नव्हते.

तमाशाकडे मास्तरांसाठी औषधही होतं. गण, गवळण, बतावणी आणि मग वग. वगातला सोंगाड्या राजालाही आडवे प्रश्न विचारतो, त्याचं ढोंग भर सभेत उघडं पाडतो, आणि राजा त्यानं मरत नाही. उलट चूक चव्हाट्यावर आली की तो शहाणा होतो. मास्तरांच्या गावात असा प्रश्न विचारायची कोणाची छाती नव्हती. चुकलेला माणूसही चांगलं काम करू शकतो, हे त्या गावाला कोणी शिकवलंच नव्हतं. खुद्द मास्तरांनीही नाही.

तीनच वर्षांनी लागूंनी आणखी एक मास्तर उभा केला, जब्बार पटेलांच्या 'सामना'त. विजय तेंडुलकरांनी लिहिलेला हा मास्तर दारुडा आहे, त्याला अब्रू नाही, पुतळ्याची तर बातच सोडा. तरी मारुती कांबळेचं काय झालं हा एकच प्रश्न तो विचारत राहतो आणि निळू फुल्यांच्या हिंदुराव धोंडे पाटलाला सत्यापुढे उभं राहावं लागतं. डागाळलेला माणूस खरं बोलायला मोकळा असतो. निष्कलंक म्हणून मिरवलेल्याला ती मोकळीक कोणी ठेवत नाही. 'पिंजरा'च्या शेवटाला मराठी पडद्यानं दिलेलं सगळ्यांत चोख उत्तर मला इथे दिसतं.

म्हणून 'पिंजरा' पुन्हा पाहाल तेव्हा शाळकरी मुलांना शेजारी बसवा आणि चित्रपट संपल्यावर त्यांना एवढंच विचारा: मास्तरांनी खरं सांगितलं असतं, तर गावानं त्यांना पदरात घेतलं असतं का? मुलं काय सांगतील ते ऐकण्याजोगं असेल. माझं उत्तर असं की, घेतलं नसतं, आणि मास्तरांना ते पक्कं ठाऊक होतं. कोर्टाचा निकाल फार नंतरचा. ज्या दिवशी गावानं ठरवलं की आपला मास्तर चुकूच शकत नाही, त्याच दिवशी ही शिक्षा लिहिली गेली होती.