शेततळ्यातील पाणी हिरवे का होते?

बारामती व इंदापूर हे पुणे जिल्ह्यातील अवर्षणप्रवण तालुके. नीरा डाव्या कालव्याचे आवर्तन संपले, की येथील अनेक द्राक्ष व डाळिंबबागा शेततळ्यांवरच तग धरतात. मात्र ऐन उन्हाळ्यात तळ्यातील पाणी हिरवे व गढूळ होते आणि ठिबकचे ड्रीपर बुजतात.

याचे मूळ सूक्ष्म शेवाळात आहे. साचलेले पाणी, प्रखर ऊन आणि खतांतून वाहून आलेले नत्र व स्फुरद मिळताच ते झपाट्याने वाढते. दिवसा ते पाण्यातील कार्बन डायऑक्साइड शोषून घेते. परिणामी पाण्याचा सामू वाढतो आणि त्या पाण्यात क्लोरीनचा प्रभाव घटतो.

शेवाळ मारण्यासाठी मोरचूद वापरतात. १० लाख लिटर पाण्यास १ किलो, म्हणजे लिटरला १ मिलिग्रॅम, हे त्याचे सर्वसाधारण प्रमाण. तळ्यात मासे असल्यास मात्र हा उपाय टाळावा. तांबे माशांना विषारी ठरते. शिवाय कुजणारे शेवाळ पाण्यातील प्राणवायू संपवते. मेलेले शेवाळ व तरंगणारे बारीक कण तुरटीमुळे एकत्र येऊन तळाशी बसतात. त्यानंतर पाणी मधल्या थरातून उचलावे आणि वाळूची गाळणी उलट्या प्रवाहाने धुवावी.

शेतातील खतयुक्त पाणी तळ्यात येऊ न देणे व वर शेडनेटची सावली करणे, हा त्याहून टिकाऊ उपाय होय. शेवाळलेले प्लॅस्टिक अस्तर अतिशय निसरडे असते. त्यामुळे कमरेला दोर बांधल्याखेरीज कोणीही एकट्याने तळ्यात उतरू नये.